डिपॉझिट कुठे आहे? बडोद्यातल्या मराठी घरमालकांना खुले पत्र

प्रति,
समस्त मराठी घरमालक,
दांडिया बाजार, रावपुरा, वाडी, प्रतापनगर, मांजलपूर, समा, अकोटा, आणि बडोद्यात जिथे जिथे ‘भाड्याने देणे’ची पाटी लागते तिथले

स. न. वि. वि.

भाडेकरू घर सोडून गेला की आठ-दहा दिवसांत मला फोन येतो. कधी मालकाचा, कधी भाडेकरूचा, पुष्कळदा एकाच संध्याकाळी दोघांचाही. मी बांधकामावर पर्यवेक्षक म्हणून नोकरी केली आणि निवृत्त झालो. भिंत बघून ती कशामुळे बिघडली हे सांगता येतं, एवढ्याच भांडवलावर लोक मला पंच म्हणून बोलावतात. “काका, जरा येऊन बघून जा. तुम्ही सांगाल ते दोघांनाही मान्य.” मी जातो, बघतो, सांगतो. ज्याच्या विरुद्ध सांगितलं त्याला ते मान्य नसतं. मग चहा येतो आणि विषय बदलतो.

हे पत्र मालकांनाच लिहितोय, कारण पैसे तुमच्या हातात असतात. भाडेकरूंबद्दलही सांगण्यासारखं आहे, ते पुढे सांगतो. पण ज्याच्या हातात पैसे, त्याने आधी बोलायचं असतं.

नुकसान केलं तर भरून घ्या, त्याला माझी अजिबात हरकत नाही. फक्त ते नुकसान आहे का, आणि त्याने केलं का, हे आधी ठरवा. कायद्यात याची वाट आखून दिली आहे, तीही आजची नाही. मालमत्ता हस्तांतरण कायदा १८८२ चा. त्याच्या कलम १०८ मध्ये सांगितलंय की, करारात वेगळं काही ठरलं नसेल तर, भाडेकरूने घर ज्या स्थितीत घेतलं तशा स्थितीत परत द्यावं. मात्र दोन गोष्टी त्यातून वगळल्या आहेत: वापराने होणारी वाजवी झीज, आणि माणसाच्या हाताबाहेरची आपत्ती. आपली निम्मी भांडणं या दोन अपवादांतच मिटायला हवीत. मिटत नाहीत, कारण ते अपवाद कुणाला आठवतच नाहीत.

आपत्तीचंच आधी घेऊ. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री ३५ फुटांच्या वर गेली, तो पूर तुम्हाला सांगायला नको. आजवा धरणाचं पाणी, वरून पाऊस, आणि नदीच्या काठाला आपण सगळ्यांनी मिळून जे केलंय ते. समा, फतेगंज, अकोटा, वडसर, कुठे कुठे तळमजल्यात पाणी शिरलं. नंतरच्या महिन्यांत पुष्कळ भाडेकरूंनी तळमजला सोडून वरचे मजले शोधले, आणि मला फोन सुरू झाले.

समा भागातल्या एका घरात गेलो होतो. भाडेकरू जळगावकडचं तरुण जोडपं, नवरा मकरपुऱ्याच्या जीआयडीसी औद्योगिक वसाहतीत कामाला. भिंतीवर कमरेच्या उंचीला गाळाची रेघ, अगदी ओळंब्याने मारावी तशी सरळ. स्वयंपाकघरातल्या ट्रॉल्या आणि कपाटाची खालची दारं पार्टिकल बोर्डाची. ती चहात बुडवलेल्या बिस्किटासारखी फुगली होती, बोट लावलं तर कडेचा भुसा हातात येत होता. मालकांनी हिशेब करून ठेवला होता: ट्रॉल्या, दारं, रंग, एक स्विचबोर्ड. बेरीज बरोबर डिपॉझिटइतकी. ही बेरीज नेहमी बरोबर डिपॉझिटइतकीच कशी येते, याचं मला अजून नवल वाटतं.

मी विचारलं, “यात त्यांचा दोष काय?”

“पाणी येणार म्हणून मोबाइलवर मेसेज येत होते. सामान वर उचलायला नको?”

“कपाट भिंतीत बसवलेलं आहे.”

“मग निदान दारं काढून ठेवायची.”

गळ्याशी पाणी येत असताना बिजागरीचे स्क्रू काढत बसणारा भाडेकरू मी तरी पाहिलेला नाही. पूर ही त्याच्या हाताबाहेरची गोष्ट होती, तुमच्याही. म्हणजे तुमच्या वास्तूचं नुकसान तुमचं आणि त्याच्या गादीचं, फ्रिजचं नुकसान त्याचं. घराचा पुरासकट विमा उतरवणं हे मालकाचं काम आहे. आणि विम्याचेही घेतले, डिपॉझिटमधूनही कापले, असं कुणी केलं असेल तर त्याला व्यवहार म्हणत नाहीत. त्याच कलमात आणखी एक तरतूद आहे: आग, वादळ, पूर यांनी घराचा महत्त्वाचा भाग कायमचा वापरण्याजोगा उरला नाही, तर भाडेपट्टा संपला असं समजण्याचा हक्क भाडेकरूला मिळतो. “मुदतीआधी सोडलं म्हणून एक महिन्याचं भाडं कापलं” असं सांगण्यापूर्वी हे एकदा वाचून घ्यावं.

आता भिंती. इथे मला थोडं सविस्तर बोलू द्या, आयुष्य त्यातच गेलंय.

जुन्या बडोद्यातल्या घरांना पायाशी ओल रोखणारा थर नसतो, किंवा असला तरी तो केव्हाच गेलेला असतो. जमिनीतली ओल विटांमधून वर चढते आणि सोबत क्षार आणते. पाणी भिंतीच्या पृष्ठभागावर येऊन उडून जातं, क्षार मागे राहतात, त्यांचे स्फटिक वाढतात आणि गिलाव्याला आतून ढकलून पाडतात. हाच लोणा. किल्लीने खरवडा, पांढरी भुकटी पडेल. आमच्या वेळचे जुने गवंडी ती जिभेला लावून बघायचे. तुम्ही नका लावू, माझ्या शब्दावर विश्वास ठेवा, खारट असते. लोणा जमिनीपासून साधारण मीटरभर चढतो आणि त्याची वरची कड नागमोडी असते. त्याच्यावर चकचकीत प्लास्टिक पेंट मारला तर ओल आत कोंडते आणि रंगाला फोड येतात. तो फोड पलंगाच्या मागे दिसला म्हणून “यांनी पलंग भिंतीला टेकवला होता” असा निष्कर्ष काढू नका. पलंग भिंतीलाच टेकवतात. खोलीच्या मधोमध कुणी झोपत नाही.

छताला किंवा भिंतीच्या वरच्या भागात पिवळट-तपकिरी, कडेला गडद झालेलं वर्तुळ दिसलं तर वरच्या मजल्यावरचं न्हाणीघर बघायला जा. बहुधा तिथे तुम्हीच राहता.

आणि खोलीच्या कोपऱ्यात, कपाटामागे, काळे ठिपके असतील तर ती बुरशी. तिच्यात भाडेकरूचा वाटा असू शकतो. खिडकी वर्षभर बंद, ओले कपडे आत वाळत, एक्झॉस्ट कधी लावलाच नाही, असं असेल तर जरूर सांगा त्याला. मात्र मुळात खिडकी उघडते का, तेही बघा. एका घरात खिडकी मालकांनीच खिळे ठोकून बंद केली होती, चोरांच्या भीतीने.

फरशीचं थोडक्यात: नाण्याने वाजवा. पोकळ आवाज येऊन फरशी उचलली असेल तर ती बसवतानाच कच्ची बसली, किंवा सांधे न ठेवता घट्ट बसवली. त्यात राहणाऱ्याचा संबंध नाही. एका बिंदूपासून चांदणीसारखे तडे गेले असतील तर काहीतरी जड पडलंय, बहुतेक सिलिंडर. त्याचे पैसे घ्या, पण त्या फरशीचे घ्या. सगळ्या हॉलचे नको. “तसा मॅचिंग माल आता मिळत नाही” ही अडचण तुमची आहे, पुढच्या वेळी चार फरश्या जादा आणून माळ्यावर ठेवा.

सर्वांत जास्त भांडणं रंगावरून होतात. आणि रंगाच्या हिशेबात जेवढा गोंधळ असतो तेवढा कुठेच नसतो. आपल्याकडे सर्रास पद्धत आहे: भाडेकरू गेला, रंगारी बोलावला, सगळं घर रंगवलं, बिल डिपॉझिटमधून. अहो, रंग काय जन्माला पुरतो का? समजा, रंगकामाला २४,००० रुपये आले आणि तो रंग तीन वर्षं टिकतो असं धरलं. भाडेकरू दोन वर्षं राहिला. म्हणजे रंगाचं दोन तृतीयांश आयुष्य त्याने दरमहा भाडं भरून वापरलं. त्याच्या मुलीने भिंतीवर मेणाच्या खडूने हत्ती काढले आणि त्यामुळे रंग लवकर द्यावा लागला, तर त्याच्याकडून जास्तीत जास्त उरलेले ८,००० मागता येतात. हत्ती एकाच खोलीत असतील तर त्या खोलीपुरतेच. आणि भाडेकरू तीन वर्षं राहून गेला असेल तर हत्ती फुकट.

हाच नियम पडद्यांना, गादीला, गॅसच्या शेगडीला. पाच वर्षं जुन्या गादीच्या बदल्यात नव्या गादीचे पैसे घेणं म्हणजे भाडेकरूच्या खर्चाने घर सजवणं.

२०२१ च्या जून महिन्यात केंद्रीय मंत्रिमंडळाने आदर्श भाडेकरार कायद्याचा मसुदा मंजूर केला. तो मसुदाच आहे. राज्याने तसा कायदा केला तरच लागू होतो. पण त्याच्या दुसऱ्या परिशिष्टात कुणी काय दुरुस्त करायचं याची यादी आहे आणि भांडण मिटवायला ती फार कामाची आहे. भिंतींना सफेदी, दारं-खिडक्यांना रंग, पाइप बदलणं, घराचं वायरिंग, वास्तूची दुरुस्ती, हे सगळं मालकाकडे. नळ आणि त्याचे वॉशर, स्विच, सॉकेट, खिडकीच्या काचा, कुलपं, मोरी-गटार साफ करणं, बेसिन-कमोडची दुरुस्ती, हे भाडेकरूकडे. राहत्या घराचं डिपॉझिट दोन महिन्यांच्या भाड्यापेक्षा जास्त नको, असंही त्यात म्हटलंय. बघा, रंगाचं काम तुमच्याच यादीत आहे.

त्या यादीतली एक गोष्ट मात्र मला पटत नाही. गीझरची दुरुस्ती तिने भाडेकरूच्या गळ्यात मारली आहे. शहराच्या कडेच्या सोसायट्यांमधून बोअरचं पाणी येतं. बादलीच्या कडेला पांढरा थर बसतो इतकं जड. त्या पाण्याने गीझरच्या कॉइलवर खपली चढते आणि कॉइल जळते. भाडेकरूने त्यात काय करायचं? आंघोळ करायची नाही? बोअर तुमची, पाणी तुमचं, कॉइल तुम्ही बदला. बटण तुटलं तर त्याच्याकडून घ्या.

आता भाडेकरूंची बाजू, म्हणजे खरं तर त्यांच्याविरुद्धची बाजू. मालकांना उगाच घोर लागत नाही. जुन्या शहरात ज्यांच्या घरात १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याखालचे भाडेकरू पिढ्यान्‌पिढ्या राहिले आणि महिन्याच्या भाड्यात एक पाव-भाजीही येईना, त्यांच्या मुलांना भाडेकरू म्हटलं की आजही अंगावर काटा येतो. अकरा महिन्यांचा करार त्या भीतीतूनही जपला जातो, नोंदणीचा खर्च वाचतो हा वेगळा फायदा. आणि आजचे भाडेकरू सगळे साधुसंत नाहीत. सिंकमध्ये भात ओतणारे आहेत. डबल टेपने फोटो चिकटवून, निघताना टेपसकट गिलाव्याचा पापुद्रा नेणारे आहेत. खाली गाडी भरतेय आणि वर बेसिन फुटलेलं, ते सांगायचं नाही, दार ओढून घ्यायचं, असे आहेत. आणि सर्वांत त्रासाची सवय ही: शेवटचे दोन महिने भाडंच द्यायचं नाही, “डिपॉझिटमधून वळतं करून घ्या ना काका.” म्हणजे ज्या रकमेतून नुकसान भरून निघायचं ती आधीच संपली, आणि विजेचं बिल तर दोन महिन्यांनी येतं. तोवर हा पुण्याला पोहोचलेला असतो आणि फोन उचलत नाही. हे मी अनेक घरांत पाहिलंय आणि त्या त्या वेळी मालकाच्याच बाजूने बोललोय. जाताना मीटरचं रीडिंग दोघांनी मिळून बघावं, फोटो काढावा, त्या दिवसापर्यंतच्या युनिटचा हिशेब तिथेच करावा. पाइप गॅस असेल तर त्याचाही.

पण मालकहो, इतकी घरं बघितल्यावर माझं एक मत झालंय आणि ते तुम्हाला आवडणार नाही. बहुतेक भांडणं भिंतीवरून होत नाहीतच. डिपॉझिट खर्च झालेलं असतं, म्हणून होतात.

आपण ते घेतो आणि ते घरात विरून जातं. कुणाच्या मुलाच्या फीमध्ये, कुणाच्या स्कूटरमध्ये, कुणाच्या काशीयात्रेत. भाडेकरू महिन्याची नोटीस देतो तेव्हा खात्यात ते नसतं. मग ठरलेलं वाक्य येतं, “नवा भाडेकरू आला की देतो.” म्हणजे नव्याचं डिपॉझिट घेऊन जुन्याचं फेडायचं. नवा येईपर्यंत वेळ काढायचा तर काहीतरी कारण लागतं. मग भिंत दिसते, फरशी दिसते, नळ दिसतो. दोन वर्षांत कधी न दिसलेलं सगळं त्या आठवड्यात दिसायला लागतं. ज्या मालकांनी डिपॉझिट बाजूला, मुदत ठेवीत ठेवलेलं असतं, त्यांच्या घरातून मला फोन येत नाही. तिथेही फरश्या फुटतात, तिथेही मुलं हत्ती काढतात. ते दोन-तीन हजार कापतात, उरलेले त्याच दिवशी ट्रान्सफर करतात आणि स्टेशनला सोडायलाही जातात.

डिपॉझिट ही भाडेकरूची रक्कम आहे आणि तुमच्याकडे ठेवायला दिलेली आहे. तुमचं उत्पन्न म्हणजे फक्त भाडं.

यात विद्यार्थ्यांचं मला जास्त वाईट वाटतं. सयाजीगंज-फतेगंजात, विद्यापीठाच्या आसपास, मुलं-मुली खोल्या घेऊन राहतात. परीक्षा संपली की एप्रिल-मेमध्ये गावी. “हिशेब करून पाठवतो” असं सांगितलं जातं. पाच हजार रुपयांसाठी नंदुरबारहून कुणी परत येणार नाही, हे सांगणाऱ्याला पक्कं माहीत असतं. त्या मुलीला घर बघायला आली तेव्हा आपण जात, गाव, आडनाव, वडिलांची नोकरी, खाणंपिणं, रात्री किती वाजता येणार, सगळं विचारलेलं असतं. तिचा खाते क्रमांक तेवढा विचारायचा राहतो.

आणि आपल्या मराठी मंडळींची एक खास अडचण. भाडेकरू मराठी निघाला की आपण विरघळतो. “आपलाच माणूस आहे, कागद कशाला?” यादी नाही, फोटो नाहीत, करार असला तरी स्टॅम्प पेपरवरचा जुनाच मजकूर, नाव तेवढं बदललेलं. पुढे बिनसलं की मग दोन अनोळखी माणसांत होणार नाही इतकी कटुता होते, कारण दोघांनाही आपल्याच माणसाने फसवलं असं वाटतं. गणपतीत एकाच मंडळात, एकाच आरतीला, दोन टोकांना उभे राहतात. गुजराती मालक-भाडेकरूंमध्ये भांडणं होत नाहीत असं नाही, पण तिथे निदान “हिशोब एटले हिशोब” म्हणून बसतात तरी. आपल्याला पैशाचं बोलायची लाज वाटते, घ्यायची वाटत नाही.

तर माझं मागणं एवढंच आहे. किल्ल्या देण्याच्या दिवशी, सामान आत येण्याआधी, दोघांनी मिळून घर फिरा. मोबाइलवर व्हिडिओ काढा, बोलत बोलत: “इथे फरशीला तडा आहे, हा नळ गळतो, या भिंतीला लोणा आहे, पंखे पाच, किल्ल्यांचे जोड तीन.” तो दोघांच्या फोनवर राहू द्या. त्याचीच एक कागदी यादी, खाली दोघांच्या सह्या. पोलीस ठाण्यात भाडेकरूची नोंद करायला जाताच की, त्याच दिवशी हेही उरका. सोडण्याच्या दिवशी तीच यादी घेऊन, घर रिकामं झाल्यावर, दिवसाउजेडी पुन्हा फिरा. कापायचं ते तिथेच लिहा, कशाचे किती. दुरुस्तीचं बिल नंतर येणार असेल तर तेवढी अंदाजी रक्कम ठेवा, बाकीची त्याच वेळी द्या आणि बिल आलं की त्याला पाठवा. “रंगाऱ्याने तोंडी सांगितलं” हे बिल नव्हे.

एवढं करूनही पटलं नाही, तर कोर्टाच्या आवारात जिल्हा कायदा सेवा प्राधिकरण आहे. दावा लावण्याआधीही तिथे अर्ज करून लोकअदालतीत बसता येतं. तिथे तडजोड झाली तर तिला कोर्टाच्या हुकूमनाम्याइतकंच वजन असतं आणि कोर्ट फी पडत नाही. पुष्कळ भाडेकरूंना हे ठाऊक नाही. ठाऊक झालं की ते येतील, तेव्हा तुमच्याकडे यादी असलेली बरी.

शेवटी, २०२४ च्या पुराचं डिपॉझिट ज्यांनी “बघू, घर सुकू दे” म्हणून अडकवून ठेवलं त्यांच्यासाठी. घर सुकलंय. ट्रॉल्या नव्या बसल्या आहेत, त्यात दुसरं कुटुंब राहतंय आणि त्यांचंही डिपॉझिट तुमच्याकडे आलंय. पैशाच्या दाव्याला सर्वसाधारणपणे तीन वर्षांची मुदत असते, तेवढी उलटू देण्यात शहाणपण आहे असं कुणी सुचवलं तर त्याचं ऐकू नका. जुन्या भाडेकरूचा नंबर तुमच्या फोनमध्ये आहे. खाते क्रमांक मागवून घ्या.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक निवृत्त पर्यवेक्षक, बडोदे

ता. क. मला बघायला बोलावणार असाल तर जरूर बोलवा, पण रंगाऱ्याच्या आधी. रंग देऊन झाल्यावर “काका, इथे केवढा मोठा डाग होता” असं सांगितलंत, तर मला तिथे रंगच दिसतो.